टाच फिरवायची नाय

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मला आठवावं लागत नाही. गोदावरी हिराजी ठाकूर. माझ्या वडिलांची थोरली बहीण, आमची गोदीआत्या. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली आणि पेणच्या खारेपाटात, खाडीला लागून असलेल्या आमच्या गावात, मिठागरावर कामाला जाऊ लागली. मी पदवीधर झालो तो तिच्यामुळे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजच्या जवळपासही कुणी गेलेलं नव्हतं. एक चुलतकाका रोज पेणच्या कॉलेजच्या फाटकापर्यंत जायचे, पण ते तिथे भेळ विकायचे.

तर आत्याचे उपकार सांगायचे आहेत, आणि त्यासाठी मला गोल्फबद्दल बोलावं लागणार आहे. त्यातही गोल्फचा फटका मारताना कंबर, गुडघे आणि पाय कसे वापरावेत याबद्दल. आत्याचा आणि या विषयाचा काय संबंध, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही पुष्कळ दिवस वाटत होतं.

दरवर्षी संक्रांत झाली की आमच्याकडे दोन हंगाम एकदमच उघडतात. तिकडे खाडीवर मीठ धरायला लागतं, आणि इकडे रोह्याला, मी नोकरी करतो त्या कंपनीच्या वसाहतीमागच्या मैदानावर, साहेब लोक काठ्या पुसायला घेतात. पावसाळ्यात त्या मैदानावर चिखल आणि म्हशी असतात. दिवाळीनंतर गवत कापतात, झेंडे रोवतात, आणि जानेवारीत त्याचं गोल्फचं मैदान होतं. म्हशींना हे अजून पटलेलं नाही. एखादी येते, झेंड्याला पाठ घासते आणि निवांत निघून जाते.

सुट्टीच्या दिवशी मी रोह्याहून गाडी धरून पेणला उतरतो. निडी, नागोठणे, कासू करत गाडी येते तोवर मी कंपनीचा असतो. पेणहून गावाकडे जाणाऱ्या रिक्षात बसलो आणि खाडीच्या अंगाला पहिला पांढरा ढीग दिसला, की माझे तळवे चपलेतल्या चपलेत सपाट होतात. मी काही करत नाही. ते आपोआप होतात. आता बरीच मिठाची आगरं पडीक झाली, त्यांत पाणी आणि बगळे राहतात. जी थोडी चालू आहेत त्यांच्या बांधावरून वारा आला की ओठावर चव येते, आणि मला दहावीच्या परीक्षेनंतरचा तो उन्हाळा आठवतो.

परीक्षा संपली होती, निकालाला वेळ होता. वडील म्हणाले, घरी बसून काय करणार, चल आगरात. मी गेलो. वडील मिठाच्या पाट्या वाहायचे, आणि मला त्यांनी आत्याच्या हाताखाली दिलं. मला वाटलं होतं मीठ ओढायला शिकवेल. लांब दांड्याची फळी घेऊन पाण्यातलं मीठ काठाला ओढतात, ते लांबून फार ऐटीत दिसतं. आत्याने फळीला हातही लावू दिला नाही. ती मला चालायला शिकवू लागली.

मी म्हटलं, "मना चालता येतं."

"रस्त्यावर येतं," ती म्हणाली. "आगरान नाय."

मीठ ज्या वाफ्यात पिकतं त्याची जमीन आधी पायांनी चोपतात. माणसं ओळीने उभी राहतात आणि लहान लहान पावलं टाकत, सगळा तळवा एकदम टेकवत, ओला चिखल दाबत जातात. थप, थप, थप. असं पुन्हा पुन्हा केल्यावर ती जमीन सारवलेल्या ओटीसारखी गुळगुळीत होते. मग तिच्यावर खाडीचं पाणी घेतात आणि पुढचं काम ऊन करतं. या जमिनीवर कुणी टाच गर्रकन फिरवली, तर तिची साल निघते, खालचा काळा चिखल वर येतो आणि मिठात मिसळतो. म्हणून आगरात पाय सरळ वर उचलायचा आणि सरळ खाली ठेवायचा. वळायचं असेल तरी अंग पिळायचं नाही. पाय उचलून उचलून, थोडं थोडं करत, सगळ्या देहानिशी फिरायचं. जवळच्या जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यातून मोठा गणपती बाहेर काढताना चार जण त्याला पाटासकट हळूहळू वळवतात, तसं.

त्या उन्हाळ्यात आत्या माझ्याशी दुसरं काही बोलल्याचं मला आठवत नाही.

"दिन्या, टाच."

"काय झालं?"

"फिरली."

"नाय फिरली."

"मग यो खड्डा काय बगल्यानं केला?"

आणि ती माझ्या मागून येऊन तो खड्डा थप थप करत बुजवायची. मी पुढे, ती मागे. तिच्याकडे बघायला मी वळलो की पुन्हा खड्डा.

ऊन असं असायचं की पांढऱ्या मिठावरून ते खालून वर यायचं. टोपी घालून उपयोग नसे, हनुवटी भाजायची. दुपारी बांधावर बसून तांदळाची भाकरी, सुकट आणि कैरीची फोड खायची. मीठ विसरलं म्हणून कुणी कधी उठलं नाही, हात लांब केला की झालं. संध्याकाळी घरी आल्यावर पायांच्या भेगांना आत्या खोबरेल चोळायची आणि चोळताना तळवा उलटा करून बघायची, मास्तर पाटी तपासतात तसा. पावसाच्या तोंडावर मिठाच्या राशी पेंढ्याने शाकारल्या, तेव्हा ती वडिलांना म्हणाली, "पाय बसला पोराचा."

वडील खूश झाले. त्यांना वाटलं आगराला माणूस मिळाला.

निकाल लागला. मी चांगल्या गुणांनी पास झालो होतो, इतक्या की शेजारचे विचारायला आले, यात काही चूक तर नाही ना. वडील जेवताना म्हणाले, "पास झाला, बेस झालं. आता पाय बसलाय त्याचा, पाऊस सरला की पाट्या धरंल."

आत्या भात वाढत होती. ती म्हणाली, "त्याला पेनला कालेजान घाल."

"आन आगरान कोन?"

"आगरान मी हाय."

"तू हायसच. तुज्या जोडीला कोन?"

"माज्या जोडीला मीच."

आणि तिने वडिलांच्या पानात इतका भात वाढला की त्यांना पुढे बोलता आलं नाही. एवढीच चर्चा झाली. मी अकरावीला गेलो, मग बारावी, मग रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी. तेवढे सगळे उन्हाळे तिने स्वतःचं आणि माझं अशी दोन माणसांची कामं ओढली. ती याबद्दल कधी बोलत नाही. विचारलं तर म्हणते, "तू असतास तर खड्डं बुजवायचं काम वाढलं असतं."

मला रोह्याच्या कंपनीत नोकरी लागली, क्वालिटी विभागात. पहिल्या पिढीत शिकलेल्या माणसाला एक सवय असते, ती मलाही आहे. साहेबाने वाक्य सुरू केलं की ते संपायच्या आत आमचं "हो सर" होऊन जातं. आमचे जनरल मॅनेजर बर्वेसाहेब एकदा प्रयोगशाळेत आले आणि म्हणाले, "म्हात्रे, फॅमिली डेला नवशिक्यांची गोल्फची स्पर्धा ठेवतो आहोत, प्रत्येक विभागातून एक जण हवा, तर तुमच्याकडून..." मी हो सर म्हटलं. मागे वळून पाहिलं तर माझे सगळे सहकारी सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसले होते. आमच्याकडे सूक्ष्मदर्शक एकच आहे.

बर्वेसाहेब माणूस फार चांगला. त्यांना मनापासून वाटतं की गोल्फ आला की माणूस सुधारतो. रोज सकाळी शिफ्टच्या आधी ते आम्हा नवशिक्यांना मैदानावर शिकवायचे. पहिल्याच दिवशी मी काठी घेतली, दात आवळले आणि खांद्यांतला सगळा जोर लावून मारली. चेंडू होता तिथेच राहिला, मला उसण भरली.

"तुम्ही हातांनी मारताय," साहेब म्हणाले.

मी विचारलं, "मग कशाने मारायचं सर?"

"पायांनी."

मला वाटलं मी चुकून फुटबॉलच्या रांगेत उभा आहे.

मग त्यांनी समजावलं. काठी मागे नेताना वजन उजव्या पायावर घ्यायचं, डावा गुडघा किंचित आत येऊ द्यायचा. खाली येताना मात्र हातांनी घाई करायची नाही. सुरुवात जमिनीकडून होते. वजन आधी डाव्या पायावर जातं, मग कंबर झेंड्याकडे उघडते, तिच्यामागून खांदे, त्यांच्यामागून हात, आणि काठी सगळ्यांत शेवटी. फटका संपतो तेव्हा पट्ट्याचं बक्कल झेंड्याकडे बघत असतं आणि उजवा पाय नुसत्या चवड्यावर उभा असतो, टाच वर, मागच्या बाजूला फिरलेली.

हे सगळं मला समजलं. मी प्रश्नांची उत्तरं देऊ शकलो असतो, आकृती काढून भागांना नावं देऊ शकलो असतो. पण काठी हातात घेतली की माझ्या कमरेखाली काहीच घडायचं नाही. वर वादळ, खाली सारवलेली जमीन.

"म्हात्रे, कमरेच्या वर तुम्ही माणूस आहात," साहेब एक दिवस थकून म्हणाले. "कमरेच्या खाली तुम्ही विजेचा खांब आहात."

इलेक्ट्रिकलचे सावंत शेजारीच सराव करत होते. ते म्हणाले, "सर, खांबाला निदान तारा असतात."

साहेबांनी मला घरी करायचा एक व्यायाम दिला. भिंतीला पाठ करून, बूड टेकवून उभं राहायचं. काठी मागे नेताना उजवी बाजू भिंतीला लागली पाहिजे, पुढे येताना डावी. म्हणजे कंबर फिरते आहे याचा पुरावा मिळतो. मी क्वार्टरच्या पुढच्या खोलीत लाटणं घेऊन हा व्यायाम सुरू केला. माझी बायको अर्चना रोह्याच्या आतल्या गावातली, वालाची आणि भाताची शेती असलेल्या घरातली. तिने दारात उभं राहून बराच वेळ पाहिलं.

"खाज येतेय का?" तिने विचारलं.

"व्यायाम आहे. साहेबांनी दिलाय."

"साहेब करतात का असं, त्यांच्या घरी?"

"ते शिकलेत आधीच."

"बरं. झालं की लाटणं द्या. पोळ्या राहिल्यात."

काही दिवसांनी भिंतीचा रंग एका ठिकाणी पुसट झाला. एकाच ठिकाणी, हे दुःखाचं होतं. दोन ठिकाणी व्हायला हवा होता.

एका सकाळी साहेब माझ्यासमोर चक्क गुडघ्यावर बसले, माझी उजवी टाच दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाले, "आता मारा, मी फिरवतो." एवढा मोठा माणूस माझे पाय धरून बसलेला बघून मला घाम फुटला. मी मारलं. साहेबांनी जोर लावला. टाच हलली नाही, साहेब हलले. गवतावर हात टेकून ते सावरले आणि शांतपणे म्हणाले, "म्हात्रे, तुमचा पाय कुणी सिमेंटमध्ये बसवलाय?"

तेव्हा मला उत्तर सुचलं. "मिठात, सर."

मी त्यांना आगराचं, टाचेचं, गोदीआत्याचं सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. मग पँटचं गवत झटकत म्हणाले, "पण हे आगर नाही. इथली जमीन खराब झाली तर होऊ द्या. माळी आहेत. तुम्ही बिनधास्त उकरा."

ऐकायला सोपं होतं. पण जमीन खराब झाली तर होऊ द्या, हे वाक्य आमच्या घरात कधी कुणी उच्चारलेलं नाही. माझं डोकं ते मान्य करायचं, हो सरसुद्धा म्हणायचं. टाच मान्य करत नव्हती. टाचेला इंग्रजी येत नव्हतं, साहेब कोण हे ठाऊक नव्हतं. ती एकाच बाईचं ऐकत होती.

आणि त्याच बाईला मी फॅमिली डेला बोलावलं होतं.

याचं कारण सांगतो. माझ्यासाठी इतकं करून आत्याला माझं यश कधी दिसलंच नाही. दहावीचं गुणपत्रक आणलं, ते तिने देवापुढे ठेवलं आणि त्यावर इतकं हळदकुंकू वाहिलं की टक्केवारी दिसेना. पदवी घेताना काळा झगा घातलेला माझा फोटो बघून ती म्हणाली, "वकील झालास, बेस झालं." नोकरी लागल्यावर तिला कंपनी दाखवायला आणली, तर सुरक्षेचा नियम म्हणून फाटकाच्या आत सोडलं नाही. बाहेरून तिला चिमणी दिसली, वाफ दिसली.

"त्यातलं तू काय करतंस?" तिने विचारलं.

"मी पाणी तपासतो. त्यात काय मिसळलंय ते बघतो."

"पानी बगाया इतकी वर्सं शिकलास?" तिला माझी काळजी वाटली. "चाखून नाय बगत?"

तर माझी इच्छा एवढीच होती की एकदा, एकदाच, आत्याने माझं काहीतरी चांगलं झालेलं तिच्या डोळ्यांनी बघावं. त्याला शिक्षण लागू नये, फाटक लागू नये, कुणी समजावून सांगावं लागू नये. चेंडू उंच गेला तर तो कुणालाही दिसतो. स्पर्धा जिंकण्याचा विचारही मी केला नव्हता. मला एक चांगला फटका हवा होता, आणि तो मारताना आत्या समोर हवी होती.

मार्चमधला तो रविवार. मी आत्याला पेणहून घेऊन आलो. तिने लग्नकार्याचं लुगडं नेसलं होतं. मैदानाच्या कडेला मांडव होता, खुर्च्या होत्या, सरबत होतं. कापलेलं हिरवं गवत बघितल्याबरोबर तिने चपला काढून हातात घेतल्या. "एवढी निगा राखलीय, वर चपला घालून चालायचं व्हय?" मांडवातल्या दोन-तीन बायकांनी आपल्या सॅंडलकडे बघितलं आणि पाय खुर्चीखाली घेतले.

बर्वेसाहेब मुद्दाम भेटायला आले. वाकून नमस्कार केला आणि हसत म्हणाले, "आत्याबाई, तुमच्या भाच्याची कंबर फिरत नाही हो."

आत्या म्हणाली, "नाय फिरत ती बरी हाय. माज्या मालकाची लय फिरायची. लगनान नाचाया. आगरान एकदा बी नाय."

साहेब इतके हसले की त्यांना खुर्ची घ्यावी लागली. मी आत्याला पहिल्या रांगेत बसवलं आणि सांगितलं, "आत्या, मी मारीन तेव्हा चेंडूकडे बघायचं. पांढरा असतो. वर बघायचं."

"बगते ना. त्याच्यासाठीच आलेय."

सावंतांच्या हातात माइक होता. माझं नाव पुकारलं गेलं. मी चेंडूपाशी उभा राहिलो, गुडघे वाकवले, झेंडा बघितला, आत्याला बघितलं. आत्या नजर वर लावून आतापासूनच आकाशात बघत होती.

मी मारला. म्हणजे जमिनीला मारला. भाकरीएवढा गवताचा तुकडा मातीसकट उडाला आणि झकास उंच गेला. चेंडू त्याच्या मागोमाग, मोठ्या माणसाच्या मागून अदबीने चालावं तसा थोडासा सरपटला आणि थांबला.

माइकवरून आवाज आला, "क्वालिटीचे म्हात्रे. आधी जमिनीची क्वालिटी तपासून घेत आहेत."

सगळे हसले. मीही हसलो, पण माझं लक्ष आत्याकडे होतं. तिने उडालेला तुकडा बघितला होता, चेंडू नाही. ती उभी राहिली. लुगड्याचा ओचा वर खोचला आणि मैदानाला बांधलेल्या दोरीखालून वाकून सरळ आत आली. मला वाटलं मला ओरडायला येते आहे. ती माझ्याकडे न बघता गवताच्या तुकड्यापाशी गेली, तो उचलला, उलटसुलट करून बघितला, आणि मी केलेल्या खड्ड्यात बसवला.

साहेबांची पत्नी मांडवातून म्हणाल्या, "राहू द्या हो, माळी करतील."

"करतील कवा? सुकल्यावर?" आत्या म्हणाली आणि चोपायला लागली.

नवशिक्यांच्या स्पर्धेत बाई मैदानात आली तर काय करायचं, याचा नियम कुणालाच माहीत नव्हता. साहेबांनी मला खूण केली, तुम्ही तुमचं चालू ठेवा. मी चेंडू पडला होता तिथे, आत्याच्या थोडा पुढे, जाऊन उभा राहिलो. ती माझ्या मागे होती. माझ्याकडे तिची पाठ, तिच्याकडे माझी.

मी काठी मागे नेली. तेवढ्यात तो आवाज कानावर आला. थप, थप, थप.

पुढे काय झालं ते मी ठरवून केलेलं नाही. सकाळच्या शिकवणीत ऐकलेलं एकही वाक्य मला त्या वेळी आठवलं नाही. माझं वजन डाव्या पायावर गेलं, कंबर उघडली, आणि उजवी टाच जमिनीवरून सुटली. सहज सुटली, जशी काही ती कधी कुणी धरलीच नव्हती. काठीला चेंडू लागला तेव्हा हाताला काही जाणवलंसुद्धा नाही. नुसता एक बारीक, कोरडा आवाज झाला, आणि चेंडू गेला. मैदानावरून, कडेच्या सुरूच्या झाडांपेक्षाही उंच, म्हशीने घासून वाकड्या केलेल्या पहिल्या झेंड्याच्या दिशेने तो गेला. मी चवड्यावर उभा राहिलो, बक्कल झेंड्याकडे करून, चित्रातल्या माणसासारखा. हलायचं विसरलो.

 मग टाळ्या सुरू झाल्या. सगळा मांडव उभा राहिला.

मी मागे वळून बघितलं. आत्याची पाठ होती. ती मन लावून शेवटचा कोपरा दाबत होती. टाळ्या ऐकून तिने मान वर केली, मांडवाकडे बघितलं, सगळे लोक उभे राहून आपल्या दिशेने टाळ्या वाजवताहेत हे तिला दिसलं. ती थोडी लाजली. मग पदर सावरून तिने सगळ्यांना हात जोडले. लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या.

ती माझ्यापाशी आली आणि खड्ड्याच्या जागेकडे बोट दाखवून म्हणाली, "जमला बग. कलनार बी नाय कुनाला."

 स्पर्धेत पुढे मी शेवटून दुसरा आलो. त्या एका फटक्यानंतर टाच पुन्हा जागेवर जाऊन बसली. बक्षीस अकाउंट्सच्या एका मुलीला मिळालं, जिने आयुष्यात पहिल्यांदा काठी धरली होती. साहेबांनी आत्याला मात्र स्वतःच्या हाताने सरबत दिलं, आणि ते थोडं अळणी आहे असं तिने त्यांना सांगितलं.

परतीच्या गाडीत तिने विचारलं, "तू कवा मारलास?"

"तू चोपत होतीस तेव्हा."

"गेला?"

"गेला."

"बेस झालं," ती म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून झोपली. कासूला मला तिला सगळं नीट सांगावंसं वाटलं, पण ती झोपेत होती. आणि जागी असती तरी गाडीच्या खडखडाटात ते सांगता आलं नसतं. फोनवर तर नाहीच. फोनवर आत्या ओरडून "बरा हायस ना? मग ठेव" म्हणते आणि स्वतःच ठेवते. पत्राचं मात्र तसं नाही. शेजारची सायली, नववीतली, तिला पत्र वाचून दाखवते. आत्या पाटावर बसून ऐकते, मध्ये बोलत नाही, आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावते. म्हणून सोमवारी शिफ्ट संपल्यावर मी प्रयोगशाळेतच बसलो आणि पत्र लिहिलं. ते असं:

प्रिय गोदीआत्या,

पाया पडतो. अर्चनाही पाया पडते. रविवारी तू आलीस याचा आनंद झाला. साहेब आज पुन्हा तुझी चौकशी करत होते. सरबतात मीठ वाढवायला त्यांनी कॅन्टीनला सांगितलं आहे.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली. तुझी पाठ होती तेव्हा मी चेंडू मारला. लोक टाळ्या वाजवत होते त्यातल्या अर्ध्या त्याच्या होत्या, अर्ध्या तुझ्या. तुझ्या जास्तही असतील. तो चेंडू कसा गेला ते मी तुला सांगतो, कारण तो दाखवायलाच मी तुला आणलं होतं. आजवर तुला डोळ्यांनी दिसेल असं मी काही केलेलं नाही. कागद आणले, ते तू देवापुढे ठेवलेस.

तर ऐक. तो आधी जमिनीलगत गेला, मला वाटलं हाही गेला वाया. मग उठला. खाडीवरून बगळा उठतो तसा, घाई न करता. वसाहतीच्या पाण्याच्या टाकीएवढा उंच गेला. वर गेल्यावर थोडा थांबल्यासारखा वाटला, ऊन लागून चमकला, आणि मग झेंड्याच्या अलीकडे पडून टप्पे घेत पुढे गेला. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. सरळ. त्या वेळी माझ्या उजव्या पायाची टाच वर होती आणि पार फिरलेली होती. या खेळात ती फिरवायचीच असते, साहेबांना विचार. खड्डा बुजवायला तू मागे होतीस म्हणून फिरली, नाहीतर ती फिरत नाही.

मी शिकलो, नोकरी करतो, पाणी तपासतो, हे सगळं तू मला दिलेलं आहे. हे तुझ्यासमोर बोलायला गेलो तर तू दुसऱ्या खोलीत जातेस, म्हणून लिहून पाठवतो.

सायली, आता तू वाचणं थांबव आणि आत्याच्या तोंडाकडे बघ. चेंडू वर गेला तिथून पुन्हा एकदा सावकाश वाच आणि वाचता वाचता बघत राहा. मग मला फोन करून सांग, तिचा चेहरा कसा झाला होता. ती काय बोलली ते सांगू नकोस, ती काहीतरी भलतंच बोलेल. चेहरा तेवढा सांग.

तुझा,
दिन्या